फळ्यावरचा शब्द पुसलेला नाही, मास्तर

मास्तर,

तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. ही बातमी तुमच्यापर्यंत कोणी पोचवली नसेल, म्हणून मी सांगतो.

तलावाच्या घाटावर पिंड मांडला होता. विनायक नुकतंच मुंडन झालेलं डोकं उन्हात घेऊन बसला होता. पलीकडच्या चिंचेवर कावळे नव्हते असं नाही, पुष्कळ होते. ते बघत होते, आपसांत बोलत होते, पण खाली एक उतरेना. मग रीतीप्रमाणे सुरू झालं. विनायकाने हात जोडले. "आप्पा, आईला मी कधी अंतर देणार नाही." काही नाही. तुमचे थोरले बंधू, धामनोदचे काका, पुढे झाले. "नारायणा, घराची चिंता करू नकोस. मी बसलोय." कावळ्यांनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

भटजी म्हणाले, "आणखी कोणाच्या मनात काही असेल तर बोला. जीव कशात तरी गुंतलाय."

मी वरच्या पायरीवर, लांब उभा होतो. विनायकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग काकांकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं.

"शाळेतलं काही राहिलं असेल का?" काका म्हणाले. "तो देवासचा सुतार उभा आहे बघा, त्याला विचारा."

"सुतार काय म्हणता काका, बी. ए. झालाय तो," विनायक हळूच म्हणाला.

"मी दोन्ही आहे," मी वरूनच सांगितलं.

"बरं, दोन्ही तर दोन्ही. बोल काय ते."

सगळे वळून बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, विद्यार्थी आहे, डोळे पुसेल, तुमचं नाव राखीन म्हणेल. पण तुमच्यासमोर मी कधी खोटं बोललो नव्हतो, ते त्या दिवशी कसं बोलणार? मी म्हटलं, "मास्तर, 'बोर्ड' या शब्दाची मुळं दोन आहेत. हे मी मागे घेत नाही."

काका भटजींच्या कानाशी म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "फार शिकलं की डोक्याला असं होतं." भटजींनी आणखी थोडी वाट पाहिली. मग दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि मंडळी घराकडे वळली. चिंचेवरचे कावळे तिथेच होते. तुम्हाला जे हवं होतं ते घाटावर कोणीच बोललं नाही, मास्तर. मीही नाही. ते बोलायचं काम माझं नव्हतं.

तुम्ही गेलात, आता तुमच्याबद्दल बरंच छापून येईल. किती वर्षं धारच्या शाळेत होता, किती मुलं मॅट्रिकला बसवली, दरबारातून शालजोडी कधी मिळाली. ते लिहायला माणसं आहेत. मला फक्त त्या एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचं आहे, ज्याच्यावरून आपण दोघं इतकी वर्षं भांडलो. आणि भांडताना एकदाही ज्या गोष्टीचं नाव नीट घेतलं नाही, तिच्याबद्दल.

मी मूळचा देवासचा, तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीचा. आजोबांचे आजोबा सरदारांच्या फौजेबरोबर तंबूच्या मेखा ठोकत माळव्यात आले, तेव्हापासून आमच्या घरात रंधा आणि करवत. शिकलेला पहिला मी. मामा धारच्या सरकारी कारखान्यात कामाला होते म्हणून मला धारला ठेवलं, आणि असा मी तुमच्या वर्गात आलो.

तुमची शिकवायची तऱ्हा मी पुढे कुठे पाहिली नाही. सोमवारी सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि शनिवारपर्यंत पुसायचा नाही. कोणताही मोठा शब्द नाही, रोजचाच. मग मुलांनी गावात हिंडायचं, तो शब्द कोण कशाला वापरतो ते हुडकायचं, आणि फळ्यावर त्याच्या खाली आपला अर्थ लिहायचा. खडू मागायचा नाही, सरळ उठून लिहायचं. तुम्ही म्हणायचा, "कोशात शब्द वाळवून ठेवलेले असतात. गावात ते ओले मिळतात."

ज्या सोमवारी तुम्ही 'बोर्ड' लिहिला, त्या दिवशी सगळी मुलं हसली. हा काय शब्द? फळी. फळ्यावरच फळी लिहिली मास्तरांनी. एकाने उठून लिहून टाकलं, 'फळी', आणि आम्हाला वाटलं आठवडा सुटला.

पण मंगळवारी कचेरीत काम करणाऱ्याचा मुलगा आला, तो म्हणाला, बोर्ड म्हणजे साहेब लोकांचं मंडळ, ते बसून ठराव करतात. बुधवारी कोणी तरी नव्या बोर्डिंगातून अर्थ आणला: जिथे पैसे देऊन जेवायला मिळतं ते. गावात तेव्हा नाटक मंडळी उतरली होती. त्यांचा मॅनेजर म्हणे, मी लहानपणापासून बोर्डावर आहे, म्हणजे रंगभूमीवर. बोहऱ्याच्या दुकानातला मुलगा पुठ्ठा घेऊन आला, त्यालाही इंग्रजीत मागे बोर्ड जोडतात, कार्डबोर्ड. महूला रेल्वेत असलेल्या कोणाच्या चुलत्याने सांगून पाठवलं की आगबोटीत चढणं म्हणजे बोर्डावर जाणं. शुक्रवारी फळा भरला. आम्ही बघत राहिलो. जेवण, सभा, नाटक, जहाज, पुठ्ठा. यांचा एकमेकांशी संबंध काय?

तुम्ही म्हणालात, "सगळी एका फळीची लेकरं आहेत." आणि शनिवारी सांगितलंत. पूर्वी विलायतेत घरात टेबल नसायचं. जेवायच्या वेळी दोन लाकडी घोड्यांवर एक लांब फळी टाकायची, जेवण झालं की उचलून भिंतीला लावायची. त्या फळीवर जे वाढलं जायचं त्यालाच लोक फळी म्हणायला लागले, म्हणून बोर्डिंगातलं जेवण. त्याच फळीभोवती बसून चार मोठी माणसं सल्लामसलत करायची, म्हणून त्या माणसांना बोर्ड. पत्ते खेळताना हात फळीच्या वर, 'अबव्ह बोर्ड', ठेवले की माणूस सचोटीचा, खाली गेले की लबाड. पेले मांडायची उघडी फळी होती, तिला पुढे दारं लागली आणि तिचं कपाट झालं, कपबोर्ड. जहाजाचं सांगताना तुम्ही अडलात, कारण समुद्र वर्गात कोणीच पाहिला नव्हता, तुम्हीही नाही. मग खलघाटाला नर्मदेवर जी नाव चालते तिची बाजूची फळी तुम्ही हातवारे करून दाखवलीत.

माझ्या डोक्यात मात्र ती जेवणाची फळीच राहिली. मी सुताराचा पोर, घोड्यावर टाकलेली फळी रोज बघत आलेला. मी उभा राहून विचारलं, "मास्तर, त्या फळीला सगळे एकत्र बसायचे?"

"हो. मालक, चाकर, सगळे."

"सुतारही?"

 तुम्ही हसलात. "फळी त्यानेच केली असणार ना," म्हणालात, आणि पुढे चाललात.

ते उत्तर नव्हतं, मास्तर. तुम्हालाही ते ठाऊक होतं. कारण त्या शनिवारी तुम्ही फळा पुसलाच नाहीत. पुढचा शब्द आला, त्याच्या पुढचा आला, ते लिहिले गेले, पुसले गेले. 'बोर्ड' कोपऱ्यात तसाच राहिला. शिपाई पुसायला गेला की तुम्ही म्हणायचा, "राहू दे. त्याचं अजून संपलेलं नाही."

शनिवारी शाळा सकाळची असायची, आणि त्यानंतर मी तुमच्या घरी जेवायचो. मामांच्या घरी मामी नव्हती, दोन पुरुष काय शिजवतील ते शिजवायचे. विनायकाच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, ते ऐकलं आणि शनिवारचं जेवण माझं तुमच्याकडे ठरलं. काकूंच्या हातची आमटी मी जन्मभर विसरणार नाही, आणि तुमच्या घरची ओसरीही. आत माजघरात तुम्ही, विनू, कोणी पाहुणा असेल तर तो, पाटावर बसायचे. माझं पान बाहेर ओसरीवर, पाटाशिवाय. काकू वरून वाढायच्या, पोटभर वाढायच्या, दोनदा विचारायच्या. जेवण झालं की मी माझं पान उचलून उकिरड्यावर टाकायचो आणि जागेवर शेणगोळा फिरवायचो. कोणी मला तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. आमच्यात सगळ्यांनाच ते माहीत असतं, पोळीला हात कोणता लावायचा ते जसं माहीत असतं.

मग तुम्ही टेबल करायचं काढलंत. कागद लिहायला, असं काकूंना सांगितलंत. काम माझ्या बापाला दिलंत. बापूंनी देवासला आयुष्यभर रथ, पालख्या, देवघरं केली होती, पण ब्राह्मणाच्या घरी टेबल केलं नव्हतं. मी सुट्टीत घरी होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "एवढा उंच पाट कशाला पाहिजे मास्तरांना?"

"पाट नाही बापू, टेबल. लिहायला."

"लिहायला मांडी काय वाईट आहे?" मग फळीवरून हात फिरवत म्हणाले, "तू बसणार का त्याला?"

"बसेन की."

"मग रंधा आणखी एकदा मारतो."

ते टेबल बैलगाडीतून इंदूरवरून धारला आलं. तुम्ही ते ओसरीलगतच्या बाहेरच्या खोलीत ठेवलंत आणि दुसऱ्याच दिवशी आपण त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. मध्ये कोश, आणि चहा. काकूंना तुम्ही समजावलंत, "चहा म्हणजे जेवण नव्हे. आणि टेबलाला शिवाशिव कुठल्या पोथीत लिहिली आहे? पोथीला टेबल माहीतच नाही." काकू म्हणाल्या, "तुम्हाला तोंडाने कोणी हरवलंय का कधी?" आणि आत गेल्या.

माझा कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. मी धुऊन तिथेच पालथा घालायचो. एक दिवस तुम्ही चहा संपवलात, उठलात, आपला कप स्वतः विसळलात आणि माझ्या कपाशेजारी कोनाड्यात ठेवलात. मला काही बोलला नाहीत. त्या दिवसापासून तुमचाही कप कधी आत गेला नाही. मी तेव्हा पोरगा होतो, मला वाटलं विसरलात. पुढे कळलं. तुमच्याबद्दल राग आला की आजही मी त्या कोनाड्यापाशी येऊन थांबतो.

राग यायचा, मास्तर. तो लपवून काय करू?

बी. ए. चा निकाल लागला तेव्हा मी इंदूरहून घरी जायच्या आधी धारला आलो. पेढे आणले होते. तुम्ही माझ्या हातातला पेढा घेतलात, तोंडात टाकलात, आणि रस्त्यावर येऊन जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला लागलात, "आमचा शंकर बी. ए. झाला." टांगेवाल्याला थांबवून सांगितलंत. तो म्हणाला, "तो फिर भिया, अब इनको पैदल मत घुमाओ," आणि हसत गेला. आत काकूंनी गोडाचं केलं होतं. पान मांडलं होतं. ओसरीवर, नेहमीच्या जागी.

मी म्हटलं, "काकू, मला भूक नाही."

त्यानंतर तुमच्या घरी मला कधीच भूक लागली नाही. देवासला शाळेत नोकरी लागली, तरी सुट्टी लागली की मी यायचो, टेबलाशी बसायचो, चहा प्यायचो, दिवसभर बोलायचो. जेवायला बाजारात जायचो. काकू पहिल्यांदा रागावल्या, मग विचारायच्या बंद झाल्या. निकालाच्या त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला तलावाकडे फिरायला नेलंत.

"भूक नाही असं खोटं का बोललास?"

"मग खरं काय बोलायचं होतं?"

"जे मनात असेल ते."

"पाटावर बसवा मला, आत, तुमच्या शेजारी. हे मनात आहे."

तुम्ही पाण्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "माझ्या मनात नाही असं समजू नकोस. धीर नाही. आई आहे घरात. विनूचं लग्न व्हायचंय. भाऊ लोक वाळीत टाकतील."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं. पण तुम्ही धर्माचा आधार घेतला नाहीत, शास्त्र काढलं नाहीत, माझ्या भल्यासाठी म्हणाला नाहीत. धीर नाही म्हणालात. पत्त्यांच्या खेळासारखे हात फळीच्या वर ठेवूनच तुम्ही बोललात. म्हणून मी येत राहिलो. निघताना तुम्ही म्हणालात, "शंकर, हा विषय पुसू नकोस. राहू दे फळ्यावर."

आणि मग आपण शब्दावरून भांडायला लागलो. आता वाटतं, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

कॉलेजातल्या मोठ्या कोशात मला सापडलं होतं की बोर्डाचं मूळ एक नाही. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. एक फळी. दुसरा कड, किनार, जहाजाची बाजू. दोन्ही सारखे दिसायचे, सारखे वापरले जायचे, आणि हळूहळू एक होऊन गेले. जहाजावर चढणं हे फळीवरून आलेलंच नाही, ते कडेवरून आलेलं आहे. मी ते मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगितलं. तुमचं एका मुळाचं झाड मोडलं होतं ना.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "तुम्ही देवासचे लोक. एका गादीच्या दोन पाती केल्यात, एका रस्त्याला दोन कोतवाल ठेवलेत, आता एका शब्दाची दोन मुळं काढताय. अरे, धारची गादी काय, तुमची थोरली काय, धाकटी काय, सगळी एकाच झाडाची."

"तुम्ही म्हणता एकाचे दोन झाले. मी म्हणतो दोनाचा एक झाला."

"कड कशाची असते? फळीचीच ना?"

"बापूंना विचारा. फळी ती फळी, कड ती कड. दोन्हींना वेगळा रंधा लागतो."

"मूळ एक असतं, शंकर. सगळ्याचं. माणसाचंही. तेवढं मान्य केलंस की भेद टिकत नाही."

"टिकतो की. तुमच्या ओसरीवर टिकलाय."

असं कधी मी बोललो की काकू आत भांडी जोरात ठेवायच्या. मग तुम्ही कोशाचं पान उलटायचा.

माझं म्हणणं काय होतं, ते आज पुन्हा नीट मांडतो, कारण तुम्ही मध्ये बोलणार नाही. मूळ एक होतं की दोन, याने मला काही मिळत नाही. तुम्ही सगळी माणसं मुळात एक मानत होता, मनापासून मानत होता, आणि तेवढ्यावर तुमचं समाधान होतं. एक आहोतच, मग एकत्र बसायची घाई काय? मला तो दुसरा शब्द आवडायचा तो यासाठी, की तो मुळात परका होता. फळीशी त्याचं नातं नव्हतं. पण लोकांनी दोघांना एका तोंडी घेतलं, रोज घेतलं, आणि पुढे कोणाला वेगळं काढता येईना. एकत्र वापरल्याने एक झाले. मला मूळ नको होतं, मास्तर. मला वापर हवा होता.

तुमची आई गेली. मी वाट पाहिली. विनूचं लग्न झालं, त्याला कुक्षीच्या कचेरीत जागा मिळाली. मी वाट पाहिली. तुम्ही सांगितलेली कारणं एकेक करून संपली आणि आपण दोघंही त्याबद्दल बोललो नाही. आपण शब्दाबद्दल बोललो. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही देवासला आलात, मांडवात बसलात, अक्षता टाकल्यात, बापूंचा हात हातात घेऊन "टेबल अजून हललं नाही" म्हणालात. जेवणाच्या वेळी तुम्हाला इंदूरला कोणाला तरी भेटायचं होतं. बापूंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "चेहरा नीट कर. एवढ्या लांब आलेत." बापूंना थोडं पुरायचं. मला पुरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

शेवटचा आलो तेव्हा तुम्ही अंथरुणावर होता. मी ओसरीवर उभा राहिलो आणि बाहेरच्या खोलीत पाहिलं तर टेबल नव्हतं. औषधाच्या बाटल्या आणि पाण्याचं भांडं ठेवायला ते माजघरात, तुमच्या उशाशी नेलं होतं. दारातून मला दिसत होतं. बापूंनी दोनदा रंधा मारलेली फळी उंबरा ओलांडून गेली होती. मी उंबऱ्याच्या अलीकडे होतो.

तुम्हाला ते कळलं. तुमची नजर टेबलावरून माझ्याकडे आली. आवाज बसला होता तरी हसलात.

"फळी गेली आत."

"पाहिलं मी."

"तुझा काय विचार?"

"तुम्ही बोलवा, मी येतो."

काकू तुमच्या पायाशी बसल्या होत्या. विनायक रजा घेऊन आलेला, भिंतीला टेकून उभा. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. ओठ हलले. खोकल्याची उबळ आली, काकूंनी पाठ धरली, वैद्याला बोलवायला मीच धावलो. परत आलो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, आणि मला दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं. ओठ कशासाठी हलले, हे मला माहीत नाही. मला हवं तेच तुम्ही म्हणत होता, असं मी धरून चालणार नाही. तुमच्या तोंडी न बोललेला शब्द घालणं ही तुमच्या शाळेतली सगळ्यात मोठी चूक असायची.

आता तेराव्याचं सांगतो.

दहाव्यानंतर मी परत देवासला जायला निघालो होतो. विनायक टांग्यापर्यंत आला आणि म्हणाला, "तेराव्याला जेवायला या." मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "या तर खरं." मी आलो. तुमच्या नावाचं जेवण, तेव्हा भूक नाही म्हणणं मला जमलं नसतं.

माजघरात पंगत मांडली होती. पाट, रांगोळी, काका, भटजी, धामनोदची आणि उज्जैनची मंडळी. ओसरीवर माझं पान होतं, नेहमीच्या जागी. काही बदललं नव्हतं. कोनाड्यात दोन कप पालथे होते. मी बसलो. वाटलं, ठीक आहे. एवढं जेवू, आणि या घराचा रस्ता संपला.

आत विनायकाने पानाभोवती फिरवायला पाण्याचं भांडं हातात घेतलं होतं. ते त्याने खाली ठेवलं. मला दारातून दिसलं. तो उठला. आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांवर धरलं, भात सांडू नये म्हणून हळू चालत उंबरा ओलांडून बाहेर आला आणि माझ्या शेजारी ते जमिनीवर ठेवलं.

"विनायका," काका आतून म्हणाले, "काय चाललंय?"

"बाहेर बसतो, काका."

"पाट तरी ने."

"यांना नाही. मग मलाही नको."

"कर्ता तू आहेस. तुझ्याशिवाय पंगत कशी सुरू होणार?"

"मी जेवायला बसलोय ना. करा सुरू."

 आत एक जण उठला, कोण ते मला दिसलं नाही, फक्त पाट सरकल्याचा आवाज आला. धोतर सावरत दोन माणसं मागच्या दाराने गेली. काका म्हणाले, "प्रायश्चित्त घ्यावं लागेल तुला, सांगून ठेवतो. कुक्षीत कळेल. तुझ्या पोरांना मुली मिळायच्या नाहीत."

"मला अजून पोरं नाहीत, काका," विनायक म्हणाला.  त्याने पाणी फिरवलं, निम्मं माझ्या पानाकडे आलं. घाटावर मिटलेलं तोंड त्याने असं उघडलं, मास्तर. पान उचलून.

मी हात भाताला लावला नव्हता. माझी अट पाटाची होती, आत बसण्याची होती. हे तसं नव्हतं. आत कोणी बोलवलं नव्हतं, पाट कोणी दिला नव्हता. मी तसाच बसून राहिलो, आणि विनायकही घास न घेता माझ्याकडे बघत बसला. त्याला समजत होतं की मी उठू शकतो. मी उठलो असतो तर त्याच्या वाटचं सगळं फुकट गेलं असतं, आणि प्रायश्चित्त मात्र पदरात राहिलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून काकूंचा आवाज आला. तुम्ही गेल्यापासून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या म्हणे. चांगल्या मोठ्या आवाजात, सगळ्या माजघराला ऐकू जाईल अशा, सुनेला म्हणाल्या, "अगं, बाहेरच्या दोन पानांना तूप वाढलं नाहीस."

मी पहिला घास घेतला.

आमटी तीच होती. विनायक आणि मी फार बोललो नाही. एकदा त्याने विचारलं, "आप्पा आणि तुम्ही ते बोर्डावरून भांडायचात, त्यात खरं कोण?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "आप्पाही असंच म्हणायचे." मग आम्ही दोघं हसलो, आणि दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं, तिखटाचं म्हणायला आमटी तितकी तिखट नव्हती. जेवण झाल्यावर मी सवयीने माझं पान उचलायला वाकलो. त्याने माझ्या हातातून घेतलं नाही, तसं त्याने करावं असं मला वाटतही नव्हतं. त्याने आपलं उचललं. आम्ही दोघं आपापलं पान घेऊन उकिरड्यापर्यंत गेलो, आणि परत येऊन त्याने शेणगोळा मागितला. त्याला फिरवता येईना. मी दाखवलं.

म्हणून हे लिहितोय, मास्तर. आपला वाद जिथे थांबला होता तिथून एक पाऊल पुढे गेला आहे, आणि ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्या घराला मला आत घेणं जमलं नाही. पण तुम्ही कप घेऊन बाहेर आलात, आणि तुमचा मुलगा पान घेऊन बाहेर आला. तुम्ही कपावर थांबलात. तो थांबला नाही. यात तुमचं किती आणि त्याचं किती, हे मी वेगळं काढायला जात नाही.

त्या शब्दाचे जितके अर्थ आपण जमवले, त्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे लाकूड आहे. फळी, टेबल, रंगभूमी, जहाज. त्या दुपारी ओसरीवर लाकूड नव्हतं. टेबल आत बाटल्यांखाली अडकलेलं, पाट आत रांगेत. सारवलेल्या जमिनीवर दोन माणसं बसली होती, बस. तरी तुम्ही असता तर उठून फळ्यापाशी गेला असता आणि सगळ्या अर्थांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली असतीत. शेवटी बोर्ड म्हणजे फळी नव्हे, तिच्याभोवती बसलेली माणसं. फळी काढून घेतली तरी ती उरतात. हा अर्थ तुमचा की माझा, यावर आपण पुन्हा भांडलो असतो.

काकू मला टांग्यापर्यंत पोचवायला येऊ शकत नव्हत्या. विनायकाबरोबर त्यांनी निरोप पाठवला, की टेबल आता बाहेरच्या खोलीत परत ठेवू, सुट्टीत येत जा, आणि जेवूनच जात जा. येईन. भूक लागेल.

पण मी गप्प बसणारा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी मी जेवलो ते विनायकासाठी आणि तुमच्यासाठी. पाट राहिला तो राहिलाच. आत बसणं राहिलं ते राहिलंच. ते मी सोडलेलं नाही, आणि विनायकालाही तसं सांगून आलो आहे.

तुमच्या वर्गातल्या फळ्यावर आता कोणी नवे मास्तर लिहीत असतील, कोपरा पुसला गेला असेल. माझ्या देवासच्या वर्गात सोमवारी मी तो शब्द लिहिला. शनिवार होऊन गेला. शिपाई पुसायला आला होता. मी म्हटलं, राहू दे. त्याचं अजून संपलेलं नाही.